रत्नागिरीत "दगड" बघायला कुठे नेऊ?

सड्यावरची
मंडळी प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. बहिणीचा मुलगा, वय वर्षं अकरा, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येतोय आणि त्याला यंदा ना मत्स्यालय बघायचंय ना टिळकांचं घर, त्याला दगड बघायचेत. शाळेत काहीतरी प्रोजेक्ट झाला तेव्हापासून हे खूळ. परवा फोनवर विचारतो, मावशी तुमच्याकडे ज्वालामुखी नक्की कुठे होता? मी म्हटलं बाळा आमच्याकडे आंबे असतात. त्यावर तो इतका निराश झाला की मलाच वाईट वाटलं. जन्म इथला, लाल जांभ्या दगडाच्या घरात वाढले, रोज सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावरून, स्कूटर हाणते, पण त्याने विचारलेलं एक धड सांगता येईना. चार दिवस आहेत, त्यातला एक दिवस गाडी मिळेल. शहरात आणि आसपास काय दाखवू? आणि प्लीज नुसती नावं टाकू नका, तिथे जाऊन बघायचं काय तेही सांगा, कारण पोरगा प्रश्न विचारून जीव घेतो.

खाडीपलीकडे
रत्नदुर्ग, थिबा पॉइंट, गणपतीपुळे. संध्याकाळी मांडवीला भेळ. झालं.

सड्यावरची
अहो दगड!!

खाडीपलीकडे
रत्नदुर्ग काय थर्माकोलचा आहे का :)

निवृत्त_मास्तर
खाडीपलीकडे यांनी गंमत केली पण उत्तर तिथेच आहे. ताई, पोराला लांब कुठे न्यायच्या आधी घरामागचा गडगा म्हणजे ते दगडी कुंपण दाखवा. एक चिरा, म्हणजे जांभ्याचा विटेसारखा कापलेला दगड, हातात द्या आणि विचारा याला एवढी भोकं कशी.

थोडक्यात सांगतो, थोडक्यात जमत नाही ही माझी जुनी खोड आहे तेव्हा सांभाळून घ्या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा आला, पण तो चित्रातल्यासारखा एका टोकदार डोंगरातून नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून थरावर थर पसरत गेला. तेव्हा "ज्वालामुखी कुठे होता" याचं उत्तर एका जागी बोट ठेवून देता येत नाही, उभा सह्याद्री त्याच थरांचा आहे. तो थिजला तो आपला काळा कातळ. मग त्या कातळावर लाखो वर्षं आपला पाऊस. चार महिने धो धो, आठ महिने ऊन. पाण्याबरोबर त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोखंड, अॅल्युमिनियम मागे राहिलं, ते गंजलं, घट्ट झालं, तोच जांभा. म्हणजे घराच्या भिंती मूळच्या लाव्हाच्याच, फक्त गंजलेल्या. हे एवढं सांगितलंत तरी पोरगा चार दिवस तुमच्या भिंतीला नखं लावत बसेल.

जांभ्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या माणसाने १८०७ मध्ये दिलं, केरळात अंगाडीपुरमला हा दगड बघून. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. लोक जमिनीतून विटांसारखे तुकडे कापून घरं बांधताना त्याने पाहिले. आपल्या चिरेखाणीत आजही तेच चालतं.

चिरेवाला
मास्तर बरोबर बोलले. खाणीत तीस वर्षं गेली माझी. जमिनीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, पूर्वी पिकाव मारून पाडायचो, आता मशीनचं पातं फिरतं आणि लाल धुरळ्याने माणूस ओळखू येत नाही. तोच चिरा वर काढून एक उन्हाळा उन्हात राहिला की दगड होतो. इंजिनीअर लोकांना हे खरं वाटत नाही, दगड सुकून कडक कसा होईल म्हणतात. ताई, पोराला बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी न्या, कडेला उभा काप दिसतो, वरची काळपट कवची, खाली लाल, मग पिवळट, मग भुसभुशीत. पण उतरू देऊ नका, खाणीत पावसाचं पाणी साठलेलं असतं आणि ते किती खोल हे वरून कळत नाही.

सड्यावरची
मास्तर, चिरेवाले दादा, खूप खूप आभार. मला हे कोणी शाळेत का नाही सांगितलं? आम्हाला "जांभी मृदा, आंबा व काजूस उपयुक्त" एवढ्या एका ओळीवर दोन मार्क होते.

भाट्ये_बॉय
मला पण एक डाउट आहे. इतका पाऊस पडतो मग सड्यावरच्या वाड्यांत मार्चपासून टँकर का लागतो?

चिरेवाला
जांभा म्हणजे चाळण आहे रे. पाणी वर थांबतच नाही. विहीर खणताना बघ, आधी जांभा लागतो, पाच-सहा परस (माणसाच्या उंचीएवढी खोली म्हणजे एक परस) कधी जास्तपण, तो कोरडा ठणठणीत. त्याच्याखाली पांढरी-जांभळट चिकण माती लागते, साबणासारखी, तिथे झरे फुटतात कारण पाणी त्या मातीवर अडतं. म्हणून बघ, वाड्या आणि देवळांची पाणी असलेली जागा सगळी सड्याच्या उतारावर, वर नाही. आपल्या आज्या-पणज्यांना हे न शिकता कळत होतं. आणि रत्नागिरीच्या काही विहिरींत त्या मातीत काळं लाकूड पण लागतं, कोळशासारखं.

लॉजिकवाला
कोळसा? रत्नागिरीत? दादा काहीही. इथे ज्वालामुखीचा दगड आहे, त्यात कोळसा होत नाही, बेसिक आहे.

निवृत्त_मास्तर
लॉजिकवाले, तुमचं बेसिक बरोबर आहे पण इथे लागू नाही. लाव्हात कोळसा नाहीच होत. पण काळा कातळ आणि वरचा जांभा यांच्यामध्ये काही ठिकाणी तिसराच एक थर आहे, गाळाचा. लाव्हा थिजून कित्येक कोटी वर्षं झाल्यावर इथे दलदल, झाडी, पाणथळ होती, ती गाडली गेली आणि तिचा लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा झाला. इंग्रजांच्या काळातल्या, १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्येसुद्धा शहरातल्या विहिरींत जांभ्याखाली माती आणि झाडांचे अवशेष लागतात अशी नोंद आहे. खाण काढण्याएवढा नाही, पण आहे.

सड्यावरची
थांबा थांबा. हे वाचून आत्ता आईला विचारलं. आई म्हणे आपली विहीर खणली तेव्हा निघालं होतं की काळं लाकूड! आजोबांनी जळतं का बघूया म्हणून पाणचुलीत घातलं तर असा धूर आणि असा धुपासारखा वास की आजीने पाणी ओतून चूल विझवली. एक तुकडा पण ठेवला नाही. चाळीस वर्षं हे घरात कोणी बोललं नाही आणि मी त्या विहिरीचं पाणी पिऊन मोठी झाले.

निवृत्त_मास्तर
धुपासारखा वास! त्या लिग्नाइटमध्ये झाडांची राळ असते, तिचा तो. आजोबांनी लाखो वर्षांपूर्वीच्या जंगलाची धुनी पेटवली की हो.

लॉजिकवाला
ओके. माघार.

मांडवीकर
काळा समुद्र आणि पांढरा समुद्र विसरू नका. शहरातल्या शहरात, रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीची काळी पुळण आणि दुसऱ्या अंगाला पांढरी. बाहेरच्यांना वाटतं मांडवीला घाण आहे म्हणून वाळू काळी. घाण पण आहे म्हणा, पण काळेपणा त्याचा नाही.

निवृत्त_मास्तर
इल्मेनाइट. लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, काळ्या कातळातून सुटून आलेलं. मिऱ्या, काळबादेवी या सगळ्या पट्ट्यात आहे. हे कण जड असतात, लाट हलकी वाळू ओढून नेते आणि जड मागे ठेवते, आपली आई सुपात तांदूळ पाखडते तसं. पांढऱ्या बाजूला शिंपल्यांचा चुरा जास्त. लोहचुंबक घेऊन जा, काळ्या वाळूत फिरवलं की मिशा फुटतात त्याला. त्यातला मॅग्नेटाइट पटकन चिकटतो, इल्मेनाइट नुसत्या साध्या चुंबकाला फारसा दाद देत नाही. आणि चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच वाळूत घाला, नाहीतर ते कण जन्मात निघत नाहीत.

मांडवीकर
रत्नदुर्गाच्या खाली समुद्राकडे भुयार आहे ते पण दाखवा वरून. लाटांनी कातळ पोखरलाय. लहानपणी आम्हाला सांगायचे की तिथून राजे पळून जायचे, कुठले राजे आणि कुठे पळायचे ते कोणी सांगितलं नाही.

खाडीपलीकडे
मिऱ्याला पण चक्कर मारा. जून २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार जहाज येऊन किनाऱ्याला लागलं ती जागा. दगड नाही पण समुद्र काय करू शकतो ते कळतं. दर पावसाळ्यात तिथला धूपप्रतिबंधक बंधारा आणि दर्या यांची मारामारी असते आणि आजवर जिंकलाय कोण ते सांगायला नको.

देवरुखची_सून
गाडी मिळणार आहे त्या दिवशी तुरळला जा! हायवेवर संगमेश्वर ओलांडून चिपळूणच्या दिशेने, गरम पाण्याचे झरे. तिथून पुढे आरवलीला पण आहेत. आमच्याकडे सांधेदुखीवाले सगळे जातात. थंडीत पहाटे वाफा निघताना बघायला भारी वाटतं. माझ्या सासूबाई म्हणतात खाली अजून ज्वालामुखी धगधगतोय.

निवृत्त_मास्तर
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या मोठ्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे मुळातच जमीन गरम असते, ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून थेट राजापूरपर्यंत असे झरे किनाऱ्याला समांतर एका रांगेत आहेत, म्हणजे भेगांची रेघच आहे ती. सगळ्यात कडक दापोलीकडचं उन्हवरे, ७० अंशांच्या आसपास, तिथे पाय घालायला जाऊ नका. राजापूरचं उन्हाळे मात्र ४०-४२ चं, अंघोळीजोगं. गावांची नावं बघा, उन्हवरे काय, उन्हाळे काय, ऊन पाणी हे नावातच आहे.

गंगामाई
राजापूरला गेलात तर उन्हाळ्याजवळच गंगातीर्थ आहे. चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असं म्हणायचे, हल्ली तिचं वेळापत्रक राहिलेलं नाही, कधी वर्षात पण येते. आली की आधी वडाच्या मुळाशी येते, मग बाकी कुंडं भरतात आणि एक दिवस आपोआप जाते. आमच्याकडे गंगा आली की गावभर पाहुणे. हे कृपया कोणी चेष्टेवारी नेऊ नये.

लॉजिकवाला
चेष्टा नाही काकू, पण याला सायफन म्हणतात ना? म्हणजे आत पोकळी भरत जाते आणि एका पातळीला पोचली की वाकड्या नळीतून सगळी रिकामी होते.

गंगामाई
असेल बाळा सायफन. सायफन कोणी घातला?

लॉजिकवाला
आजचा दिवस माझा नाही.

निवृत्त_मास्तर
हा हा. सायफनचं स्पष्टीकरण बरेच जण देतात आणि ते पटण्याजोगं आहे. पोराला घरी बादली आणि नळीने करून दाखवता येईल, मात्र बाथरूममध्येच.

कातळवेडा
इतका वेळ धागा वाचतोय, सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांचा, कातळशिल्पांचा, विषय कोणीच काढला नाही??? अहो जांभ्याच्या सड्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडेच्या सडे पायी तुडवून शोधली, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसतच नाही, काढणाऱ्याला तरी कसा दिसला असेल देव जाणे. मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात असं मानतात.

निवृत्त_मास्तर
बरोबर पकडलंत. आणि हे जांभ्यामुळेच शक्य झालं. सपाट, उघडा, झाड नाही माती नाही, आणि वरची कवची कडक असली तरी दगडाने ठोकून खोदता येते. काळ्या कातळावर एवढं मोठं चित्र काढायला गेला असता तर हात मोडला असता त्याचा.

कातळवेडा
आणि देवाच्या गोठण्याला होकायंत्र घेऊन जा! तिथल्या शिल्पाजवळ एका ठरावीक पट्ट्यात सुई भलतीच दिशा दाखवते. मी स्वतः मोबाइलवर पण करून बघितलंय.

भाट्ये_बॉय
एलियन 👽

निवृत्त_मास्तर
जांभ्यात लोखंड भरपूर. त्यातून उघड्या सड्यावर वीज पडली की तेवढा दगड चुंबकासारखा होऊ शकतो. तिथे तेच झालं असावं हा माझा आपला अंदाज. एलियन आले असते तर आधी हापूस घेऊन गेले असते.

कातळवेडा
उक्षी सगळ्यात सोयीचं, शहरापासून जवळ, गावाने शिल्पाभोवती गोल गडगा घातलाय आणि वर उभं राहून बघता येतं. येताना कोकण रेल्वेचा कटिंगमधला काळा कातळ बघा. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा याच बाजूला, वर जांभा आणि आत काळा पत्थर. फक्त एक विनंती, शिल्पावर चप्पल घालून चालू देऊ नका आणि फोटो चांगला यावा म्हणून खडूने रेघा ओढू नका. परवा एका ग्रुपने ओढल्या होत्या, मी ओरडलो तर म्हणाले पाऊस धुवून काढेल.

दर्यावर्दी
हेदवीची बामणघळ राहिली. जयगडवरून फेरीबोटीने तवसाळला उतरा आणि गुहागरच्या रस्त्याला लागा. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात लांब चिंचोळी फट आहे, मुळात दगडात असलेली चीर समुद्राने कोरून कोरून रुंद केली. भरतीला लाट आत घुसते आणि शेवटाला पोचली की जागा नसल्यामुळे सरळ वर उडते, दोन-तीन माणसं उंच. ओहोटीला गेलात तर नुसतं गटार दिसेल, मग मला शिव्या घालू नका.

सड्यावरची
भरती कधी असते ते कसं कळणार? अॅप आहे का?

दर्यावर्दी
अॅप कशाला, तिथीला तीनाने गुणा चाराने भागा. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार म्हणजे सव्वाअकरा. तेव्हा दुपारी साडेअकरा-बाराला पूर्ण भरती आणि सकाळी-संध्याकाळी साडेपाच-सहाला सुकती म्हणजे ओहोटी. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं, म्हणजे तुम्हाला उधाणाची भरती मिळतेय, बामणघळ बघायची तर तेव्हाच. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाणी सगळ्यात आत जातं तेव्हा किनाऱ्यावरचा कातळ उघडा पडतो. फक्त घळीच्या कडेला शेवाळावर उभं राहायचं नाही, माणसं गेलीयत तिथे. पोराचा हात सोडू नका.

मालवणी_खाजा
काय ओ, नुसता रत्नागिरीचाच चल्लाहा! आमच्या सिंधुदुर्गाक पण येवा. कणकवलीच्या खाली इलास काय तुमचो काळो कातळ संपता आणि त्याच्याखालचे जुने खडक दिसाक लागतत. रेडीक लोखंड, कासार्ड्याक सिलिकाची पांढरी वाळू. लाव्हा येवच्या आधीचा सगळा आमच्याकडे आसा, तुम्ही काय ते नये लोक.

निवृत्त_मास्तर
खाजा, कबूल. तुमच्याकडचे काही खडक अडीच अब्ज वर्षांपलीकडचे, त्यांच्यापुढे आमचे ६.६ कोटी म्हणजे काल परवा. पण ताईंकडे गाडी एकच दिवस आहे.

मालवणी_खाजा
मगे पुढच्या वर्षाक. माशाचा जेवाण माझ्याकडे.

श्रीवर्धन_एक्स्प्रेस
पुढच्या वर्षाच्या यादीत हरिहरेश्वर पण घाला. प्रदक्षिणेच्या वाटेवर कड्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडलीय, खारं पाणी दगडाच्या छिद्रांत सुकतं, मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचे कण उकरून काढतात. खाली लाटांनी रंधा मारल्यासारखा सपाट केलेला कातळ. ओहोटीलाच जायचं, भरतीत वाट बंद.

सड्यावरची
मंडळी, मी वहीत उतरवून घेतलंय सगळं. पहिला दिवस गडगा, विहीर, मांडवी चुंबकासकट. दुसरा उक्षी. गाडीचा दिवस बामणघळ की कशेळी-राजापूर यावर घरात मतदान होईल. आल्यावर लिहिते.

सड्यावरची
आलो. आज सकाळी पाहुणे गेले, आता निवांत लिहिते.

मांडवीला चुंबक नेलं. पिशवीत घालायचं विसरले. आता आमच्या फ्रिजवरच्या गणपतीला दाढी-मिशा आहेत आणि आई माझ्याशी बोलत नाहीये. पोरगा मात्र खूश, एक बाटली काळी वाळू आणि एक बाटली पांढरी वाळू घेऊन गेलाय, बहीण म्हणते एवढ्या वजनात चार डझन नारळ आले असते.

उक्षीला तो गडग्यावरून अर्धा तास हलला नाही. सड्यावर अजून सीतेची आसवं थोडी राहिली होती, त्याला फुलांत काडीचा रस नाही. मग म्हणाला मावशी ज्याने हे काढलं त्याला पण दगड आवडत असणार. येताना कटिंगशी थांबवून वर लाल खाली काळं असं स्वतःच दाखवलंन मला, मी काही बोलले नव्हते.

मतदानात बामणघळ जिंकली. दर्यावर्दी, तुमचा हिशेब बारा मिनिटांनी चुकला पण लाट आली ती अशी आली की माझ्या बहिणीची नवी साडी गेली.

आणि आता मेन गोष्ट. विहीर. मोठा टॉर्च, दोरीला बांधलेला मोबाइल, सगळी तयारी, पोरगा रात्रभर झोपला नाही की जांभा बघणार, माती बघणार, लाकडाचा थर बघणार. सकाळी जाऊन वाकतो तर विहीर काठोकाठ! हाताने पाणी घेता येईल एवढी. दिवाळीत विहीर भरलेली असते हे मला, आईला, तुम्हाला कोणालाच कसं सुचलं नाही? एवढे शहाणे आहात सगळे!

चिरेवाला
चुकलंच. मी तर म्हणालो पण होतो जांभ्याखाली झरे आहेत म्हणून.

निवृत्त_मास्तर
माझ्या अक्कलखाती मांडा. ताई, पाणी उतरेल मेमध्ये, तेव्हाच थर दिसतील. तेव्हा बोलवा.

सड्यावरची
त्याने मला न विचारता आधीच ठरवलंय. तिकीट काढ म्हणाला. मी म्हटलं मेमध्ये आंबे पण असतात, तर म्हणतो ते तू खा, मी विहिरीत उतरणार.